भिंत नसलेला डेक

मामा रोज सकाळी कामाला निघताना आधी रिकामी लिफ्ट खाली पाठवायचा. पायात बूट, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि हा माणूस लिफ्टच्या दाराला कान लावून उभा. आत हात घालून तळमजल्याचं बटण दाबायचा, चटकन हात मागे घ्यायचा, दार मिटलं की ती जाताना ऐकत राहायचा. खाली टेकल्याचा आवाज आला की तिला पुन्हा वर बोलवायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. लिफ्ट जुनी होती, एका वेळी एकाचंच ऐकणारी. खालच्या मजल्यांवर वाट बघत उभ्या असलेल्या लोकांच्या डोळ्यांसमोरून एक उजळलेली रिकामी पेटी खाली जायची आणि तशीच वर यायची.

"अहो, तिला काय रोज हवा खायला पाठवता?" मामी दारातून विचारायची.

"रात्रीतून तिला काय झालंय, तुला माहीत आहे?"

"मला इतक्या वर्षांत तुम्हाला काय झालंय तेच कळलेलं नाही, लिफ्टचं काय घेऊन बसलात!"

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. मी शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा मला वाटायचं, हे काम म्हणजे बंद पडलेली लिफ्ट चालू करणं. मामाच्या लेखी ते उलट होतं. चालू असलेली लिफ्ट वेळेवर बंद करणं, हे त्याचं खरं काम. त्याच्या पिशवीत 'लिफ्ट बंद आहे' अशी पत्र्याची पाटी असायची, दोरीसकट. शंका आली की पाटी लावायची. मालकाला विचारत बसायचं नाही, कारण मालक चालू ठेवा असंच म्हणणार. "या पाटीने ज्याचा जीव वाचतो ना," तो एकदा मला म्हणाला, "त्याला ते कधीच कळत नाही. कारण त्याला काही झालेलंच नसतं."

हा माणूस आयुष्यात कुणावर हल्ला करेल, असं आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

पत्ते घरात आणले ते ताईने. ताई म्हणजे मामाची मुलगी, माझी मामेबहीण, माझ्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेली. शाळेत असताना तिला त्या खेळाचं वेड लागलं. साधे पत्ते नव्हेत ते. हजारो वेगवेगळी चित्रं असलेले पत्ते विकत मिळतात, ते जमवायचे, आणि त्यातून निवडून साठ पत्त्यांचा आपला स्वतःचा डेक बांधायचा. खेळ दोघांचा. दोघांकडे वीस-वीस लाइफ. दर खेळीला तुमची शक्ती थोडी वाढते, ती खर्चून तुम्ही पत्ते टेबलावर उतरवता. कुणी प्राणी, कुणी योद्धा, कुणी नुसती दगडी भिंत. प्राणी हल्ला करतात, समोरचा आपल्या पत्त्याने त्यांना अडवतो, नाही अडवलं तर त्याचं लाइफ जातं. हल्ल्याला गेलेला पत्ता दमून आडवा होतो आणि त्याची पुढची खेळी येईपर्यंत तो राखणीला उरत नाही. कुणाला पाठवायचं आणि कुणाला घरी ठेवायचं, सगळा खेळ एवढ्यातच.

ताईला खेळायला जोडीदार हवा म्हणून मामा शिकला. जेवणाच्या टेबलावर, ताटं उचलली की. आणि मामाने जो डेक बांधला तो मामासारखाच होता. भिंती. दगडी भिंत, काटेरी भिंत, बर्फाची भिंत. समोरच्याचं काही चालू द्यायचं नाही, स्वतः काही करायचं नाही. खेळ संपायचाच नाही. मामी दिवा मालवायला यायची तेव्हा दोघांचंही लाइफ भरलेलं असायचं.

"कोण जिंकलं?" ती विचारायची.

"कुणीच नाही," मामा समाधानाने सांगायचा.

"मग बसला होतात कशाला एवढा वेळ?"

ताई शिकली, मोठी झाली. उंचावर दोरावरून चढून काम करायचं प्रशिक्षण तिने घेतलं आणि तिला नोकरी लागली पवनचक्क्यांच्या कंपनीत. माळावरच्या त्या पांढऱ्या उंच खांबांवर चढायचं आणि वरची यंत्रं दुरुस्त करायची. "यंत्रांचं वेड तुझंच आलंय, बाबा," ती म्हणाली होती, आणि मामा हसला होता. निदान आम्हाला तरी तसं वाटलं.

जायला थोडे दिवस उरले असताना कंपनीचा निरोप आला की नोकरी रद्द. ताईला कळेना. ती फोनवर फोन करत होती, मामी भांडी जोरजोरात ठेवत होती. तेव्हा मामा जेवता जेवता, मीठ मागावं इतक्या सहज म्हणाला, "त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याला मी फोन करून कळवलं. आठवीत असताना तू जिन्यात चक्कर येऊन पडली होतीस. असं काही असलं तर सांगायलाच हवं ना."

तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी मामीकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं. मामा आमच्याकडे आळीपाळीने बघत होता, आणि त्याला खरोखर समजत नव्हतं की आम्ही सगळे असे का झालोत. त्याच्या हिशेबात त्याने काहीच वावगं केलं नव्हतं. शंका आली, पाटी लावली. मालकाला विचारलं नाही.

ताई ताटावरून उठली. तिने बॅग भरली, पत्त्यांचे खोके घेतले, मामाचा भिंतींचा डेक तेवढा टेबलावर ठेवला आणि गेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कुरिअर कंपनीच्या गोदामात काम धरलं, खोली घेतली. मामीला ती फोन करायची. बापाशी बोलणं बंद, ते दोन वर्षं बंदच राहिलं. मामा फोनजवळ येऊन उभा राहायचा, मामी फोन त्याच्याकडे करायची, आणि पलीकडून नुसता कट झाल्याचा आवाज यायचा.

आणि मग मामा रविवारी त्या पत्त्यांच्या दुकानात जायला लागला.

दुकान एका जुन्या बाजारपेठेत वरच्या मजल्यावर होतं. पुढे काचेच्या कपाटात पत्ते, मागे मोठी खोली, लांब टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या. दुकानदारीणबाई स्वतःच पंच. रविवारी तिथे स्पर्धा असायची आणि ताई ती कधी चुकवायची नाही. मामा तिच्याशी बोलायला गेला की ती कानात हेडफोन घालायची, अजून जवळ गेला तर उठून बाहेर जायची. म्हणून मामाने नाव दिलं आणि स्पर्धेत खेळायला बसला. तिच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब त्याला बसवलं जायचं.

कारण तिथली रीत अशी होती की प्रत्येक फेरीनंतर जिंकणाऱ्यांना जिंकणाऱ्यांसमोर बसवायचं. ताई जिंकायची, म्हणून खिडकीजवळच्या पहिल्या टेबलावर. मामाचा सामना वेळेत संपायचाच नाही. घंटा व्हायची, बरोबरी. बरोबरीवाले सगळे पार मागे, बाथरूमच्या दाराशी. त्याच्यासमोर बसावं लागलेला माणूस नशिबाला दोष द्यायचा. मामाला तिथे नावच पडलं होतं 'सिमेंट'. बाथरूमशेजारी बसून मामा भिंतीमागे भिंत उभी करायचा आणि मधूनमधून मान वर करून ताईच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघायचा.

हे सगळं ज्याने ओळखलं तो कंपाउंडर. दवाखान्यात गोळ्या बांधून द्यायचा, म्हणून त्याला सगळे कंपाउंडरच म्हणायचे. तोंड आणि हात दोन्ही वेगवान. गोळ्यांच्या पट्ट्या फाडाव्यात तसा पत्ते खेळायचा, आणि त्याचे सामने अर्धे लोक बसायच्या आत संपायचे.

"मामा, एक विचारू? तुम्हाला पहिल्या टेबलावर पोचायचंय ना?"

मामाची नजर खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली.

"तिथे ती उठून जाऊ शकत नाही. उठली तर सामना हरली. आणि खेळात बोलावंच लागतं. हल्ला, अडवलं, लाइफ किती, सगळं तोंडाने सांगायचं, असा नियमच आहे. पण तिथे पोचायचं तर जिंकायला लागेल. आणि वेळेत जिंकायचं तर समोरच्याला मारायला लागेल."

"मारायला," मामा म्हणाला. हा शब्द त्याने अंगण झाडताना विंचू दिसावा तसा उच्चारला, असं कंपाउंडर नंतर आम्हाला हसत सांगायचा.

कंपाउंडर आमच्या घरी आला. जेवणाच्या टेबलावर भिंतींचा डेक पसरला गेला आणि त्यातून एकेक पत्ता बाहेर जायला लागला. मी चहा ठेवायला गेले आणि तिथेच उभी राहिले. मामाचा चेहरा असा झाला होता, जणू समोर कुणी त्याच्या लिफ्टचे दोर कापत असावं.

"बर्फाची भिंत?"

"बाहेर."

"काटेरी?"

"बाहेर. मामा, सगळ्या बाहेर. आता ऐका. पहिल्या खेळीला एका शक्तीचा पत्ता. दुसऱ्या खेळीला दोनाचा, नाहीतर एकाचे दोन. हात रिकामा व्हायला हवा. हातात राहिलेला पत्ता म्हणजे वाया गेलेला पत्ता. पाचव्या खेळीपर्यंत समोरचा संपला पाहिजे."

"आणि नाही संपला तर?"

"तर तुम्ही संपलात."

"मग त्याच्या पुढचं काय?"

"पुढचं नाहीच! हा डेक आहे मामा, विमा नाही."

कंपाउंडरने त्याला मुंगसं दिली. मुंगूस म्हणजे अगदी स्वस्त, छोटा पत्ता. दोन ताकद, उतरवल्या खेळीलाच हल्ला करतो, आणि एक फटका बसला की मरतो. त्यांच्याबरोबर आणखी तसलेच पाच-सहा प्रकारचे चिल्लर प्राणी, थोड्या ठिणग्या. ठिणगी म्हणजे समोरच्याच्या अंगावर थेट टाकायची. एवढंच. राखणीला काही नाही, मोठं काही नाही, जपून ठेवायचं काही नाही. मामीने टेबलावर नजर टाकली आणि म्हणाली, "हा पत्त्यांचा कॅट आहे की पिसाळलेल्या जनावरांचा पिंजरा?"

मामा सरावाला मला बसवायचा. आणि दरवेळी डेकमध्ये एक भिंत सापडायची. "एकच आहे," तो म्हणायचा, "अडीनडीला." ती भिंत नेमकी नको तेव्हा हातात यायची आणि तो हरायचा. कंपाउंडर ती काढून खिशात घालायचा, पुढच्या वेळी दुसरी निघायची. भिंती संपल्या तेव्हा मामाने नवीन युक्ती काढली. चार मुंगसं असली की तीन पाठवायचा, एक मागे ठेवायचा.

"हा का नाही गेला?" कंपाउंडर ओरडायचा.

"कुणीतरी घरी नको?"

"कशाला? कुणी दूध आणून देणारे?"

एका संध्याकाळी मामा हात धुवून टेबलाशी बसला आणि बराच वेळ मुंगसांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिफ्टचा ब्रेक असतो ना, लोकांना वाटतं तो लावायला जोर लागतो. तसं नसतं. स्प्रिंग त्याला कायम दाबून धरते. तो लागलेलाच असतो. वीज लागते ती त्याला उघडा धरायला. वीज गेली की आपोआप लागतो." तो थांबला. "सगळा जोर उघडा धरायला लागतो."

मग त्याने चारही मुंगसं आडवी केली. पहिल्यांदाच. मी हरले आणि दचकले. खेळातच हरले होते, तरी अंगावर काहीतरी धावून आल्यासारखं वाटलं.

स्पर्धेच्या त्या मोसमातला शेवटचा रविवार. मामाने बूट घातले, डेकची डबी खिशात ठेवली, लिफ्ट बोलावली आणि सरळ आत गेला. मी त्याच्या मागे आत गेले आणि मग माझ्या लक्षात आलं. मामी दारात त्याच्या चष्म्याची डबी हातात घेऊन उभी होती.

"अहो," ती म्हणाली. तिचा आवाज बदललेला होता. "पाठवली नाहीत?"

मामाने वर पाहिलं, लिफ्टच्या छताकडे, आणि मग तिच्याकडे. "राहिलं," तो म्हणाला, आणि दार मिटलं. खाली पोचेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे होतो.

दुकानात पहिल्या फेरीला त्याच्यासमोर जो बसला त्याने बसतानाच सुस्कारा सोडला. "सिमेंटमामा, आज तरी लवकर आवरा हो." मामाने लवकर आवरलं. त्या माणसाला दुसरा प्राणीसुद्धा उतरवता आला नाही. तो पत्ते गोळा करायचं विसरून मामाकडे बघत राहिला, जणू देवभोळ्या माणसाने एकाएकी शिवी हासडावी. फेरीमागून फेरी तेच झालं. मामा मागच्या टेबलावरून मधल्यावर आला, मधल्यावरून पुढे. लोक आपले सामने संपवून त्याच्या मागे उभे राहायला लागले. पत्ते आडवे होत होते, सगळेच्या सगळे. मधे एक फेरी तो हरला, तरी पुढच्या दोन जिंकला. आणि शेवटच्या फेरीची टेबलं वाचून दाखवताना दुकानदारीणबाई पहिल्याच ओळीला थांबली.

"पहिलं टेबल. ताई," आणि मग जरा दबकून, "आणि सिमेंट."

ताई वळली. दोन वर्षांत तिने त्याच्याकडे पाहिल्याचं मी पाहिलं नव्हतं. ती उभी राहिली, आणि सगळ्यांना वाटलं ही आता जाणार. ती गेली नाही. बसली.

"मोठ्या स्पर्धेची जागा या सामन्यावर आहे," दुकानदारीणबाई म्हणाली. "जिंकेल तो जाणार. बरोबरी झाली तर ताई."

मामाचा चेहरा मी पाहिला. त्याला हे माहीत नव्हतं. प्रत्येक गोष्टीचा चार वेळा विचार करणारा माणूस, तिच्यासमोर बसायचं या एका गोष्टीपलीकडे त्याने विचारच केला नव्हता. ताई दोन वर्षं त्या जागेसाठी खेळत होती. तो जिंकला तर ती जागा तिची जाणार होती. पुन्हा त्याच्याच हाताने.

त्याने मागे वळून कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरने कपाळाला हात लावला.

"कापा," ताई परक्या माणसाला सांगावं तसं म्हणाली. तिने डेक पुढे केला होता. दोन वर्षांनी बापाशी बोललेला पहिला शब्द.

मामाने कापला.

तीनपैकी दोन डाव जिंकायचे होते. पहिल्या डावात ताई भिंतींची वाट बघत राहिली. तिचा डेकही संथच होता, बापाकडूनच शिकलेला, मोठमोठे पत्ते सावकाश उतरवणारा. पहिल्या खेळीला मुंगूस आलं तेव्हा तिने भुवया उंचावल्या. दुसऱ्या खेळीला आणखी दोन आली.

"हल्ला," मामा म्हणाला.

"कितीचा?"

"सगळे."

तिचा पहिला मोठा पत्ता उतरायच्या आत डाव संपला. रोजच्या कुलपाला रोजची किल्ली लागू नये, तशी ती टेबलाकडे बघत होती.

दुसऱ्या डावात मामा बदलला. मला ते लगेच कळलं, कारण मी त्याच्यासमोर इतक्या वेळा बसले होते. ताईचं लाइफ खाली आलं, अगदी काठावर. मामाकडे पाच मुंगसं उभी होती आणि तिच्यासमोर अडवायला कुणी नव्हतं. त्याने दोन पाठवली. तिघांना मागे ठेवलं.

"हल्ला," तो म्हणाला.

ताई वाचली. पुढच्या खेळीला तिचा मोठा राक्षस उतरला, मग दुसरा, आणि डाव तिचा झाला. मागे कुणीतरी टाळी वाजवली. ताईने पत्ते गोळा केले नाहीत. तिने बोट पुढे केलं आणि मामाच्या त्या तीन मुंगसांवर ठेवलं.

"हे का नाही आले?"

"राखणीला ठेवले होते."

"कुणाच्या?"

मामा ती तीन मुंगसं गोळा करायला लागला.

"कुणाच्या राखणीला, बाबा? माझ्या?"

खोलीतल्या खुर्च्यांचे आवाज थांबले.

"तुझी जागा..." मामा म्हणाला.

"माझी जागा जायची असली तर जाईल! मी पडायची असले तर पडेन. ते तू ठरवायचं नाहीस. एकदा ठरवलंस तेवढं पुरे." तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. "अजून एक डाव आहे. खेळायचा तर नीट खेळ. पाटी लावू नकोस माझ्यावर."

मामाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. कितीतरी वेळ पत्ते पिसत राहिला. मग तिसरा डाव सुरू झाला.

तो डाव मला अजून जसाच्या तसा दिसतो. दोघंही फक्त खेळाचे शब्द बोलत होते. "लाइफ?" "चौदा." "हल्ला." "नाही अडवत." "दहा." "ठिणगी." "सहा." मामाच्या हातातले पत्ते संपले होते. त्याच्यापुढे चार मुंगसं उभी, ताईपुढे अडवायला एकच पहारेकरी, आणि तिच्या हातात दोन पत्ते, पालथे. त्या दोनांत धुक्याचा पत्ता असेल तर सगळा हल्ला फुकट जाणार आणि पुढच्या खेळीला मामा संपणार. मामाला ते माहीत होतं. धुक्याचा पत्ता तिला त्यानेच वाढदिवसाला आणून दिला होता.

त्याचा हात पत्त्यांवर गेला आणि थांबला. काहीतरी जड दार एकटाच उघडं धरून उभा असल्यासारखा दिसत होता तो. मग एकेक करून त्याने चारही आडवी केली.

"सगळे," तो म्हणाला.

ताईने हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं. पहारेकऱ्याने एका मुंगसाला अडवलं. तीन उरली. दोन, चार, सहा.

"मेले मी," ती म्हणाली.

सगळे खेळणारे असंच म्हणतात. पण ते ऐकून मामा खुर्चीतून अर्धा उठला. ज्या एका शब्दाला घाबरून त्याने तो फोन केला होता, तो शब्द तिच्या तोंडून आला होता, आणि ती समोर बसून पत्ते गोळा करत होती. केस कानामागे सारत होती. तो तसाच अर्धवट उभा राहून तिच्याकडे बघत होता. आम्ही सगळेच बघत होतो. टाळी वाजवायचं कुणाला सुचलं नाही.

"जागा तुमची, सिमेंटमामा," दुकानदारीणबाई शेवटी म्हणाली. "नाव लावू?"

मामा ताईकडे वळला. "मी जाऊ का?" त्याने विचारलं.

ताईचा हात थांबला. "मला काय विचारतोस?"

"विचारतोय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं का, अशी. मग तिने डबीचं झाकण लावलं. "जा," ती म्हणाली. "पण हा डेक तिथे टिकायचा नाही. तिथे सगळे याला मारायची तयारी करून येतात."

"मग?"

"मग काय. येते पुढच्या रविवारी घरी. आईला सांग, जेवायला आहे."

ती आली. त्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही आली, मग मुक्कामालाही राहायला लागली. जेवणाचं टेबल पुन्हा पत्त्यांनी भरलं. मामी रडली नाही, तिने फक्त जास्त टोमणे मारायला सुरुवात केली. "बापलेक मिळून जगाला मारायला निघालेत, आणि मोरीत झुरळ दिसलं की हाका मात्र मला." त्यातल्याच एका जेवणाला ताईने सांगितलं की तिने पवनचक्क्यांच्या कंपनीत पुन्हा अर्ज केला होता. डॉक्टरांनी तपासलं, पास केलं. घेतलंय त्यांनी. मी मामाकडे पाहिलं. त्याने घास गिळला, पाणी प्यायला, आणखी पाणी प्यायला.

"कधी चढायचं?" त्याने विचारलं.

त्याच्या पुढचं सांगायला माझ्याकडे वाक्यं नाहीत, म्हणजे थोडीच आहेत. मोठ्या स्पर्धेला अजून अवकाश होता. एका साध्या कामाच्या दिवशी मामाने एका इमारतीतल्या लिफ्टवर पाटी लावली आणि तो जिन्याने खाली निघाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसला. वरून येणाऱ्या बाईंना वाटलं, दम खातोय. त्या बाजूने उतरून गेल्या. परत येताना तो तसाच बसलेला होता.

हृदय, डॉक्टर म्हणाले. आधी कधी तक्रार? नाही. कधीच नाही. आम्ही तिघी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो आणि कुणाला रडू येत नव्हतं, नुसतं ऐकू येणं बंद झालं होतं. बऱ्याच वेळाने मामी म्हणाली, "साऱ्या गावाच्या लिफ्टा तपासल्या. स्वतःला एकदा रिकामं खाली पाठवून बघितलं नाही मेल्याने." आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेना.

त्याची पाटी त्या लिफ्टवर तशीच लटकत राहिली होती. ताई जाऊन घेऊन आली. स्पर्धेतली जागा दुसऱ्या कुणाला देता येत नाही, ती रिकामीच गेली. ताई तिच्या माळावर गेली. पहिल्या दिवशी वर चढून आल्यावर तिने मला फोन केला. डेक तिच्याकडे आहे. त्यात मी शोधलं होतं. एकही भिंत नव्हती.

मामा गेला त्या दिवशी सकाळी ताई घरीच होती. मामा बूट घालून बाहेर गेला, लिफ्टच्या आत हात घालून बटण दाबलं आणि दाराला कान लावून उभा राहिला. नेहमीसारखा.

"बाबा, मी पत्त्यांच्या दुकानाकडे जातेय," ताईने आतून हाक मारली. "काही आणायचंय?"

त्याने थांब अशी हाताने खूण केली. लिफ्ट खाली टेकल्याचा आवाज आला. त्याने तिला वर बोलावलं, पिशवी खांद्यावर घेतली आणि आत जाता जाता म्हणाला,

"मुंगसांच्या पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं आण. पण काळी नको, त्याच्यावर बोटं उठतात."